छत्तीस दातांची धार

मराठी भाषेने धारेला फार मान दिला आहे. आपल्याकडे बुद्धी तीक्ष्ण असते, जीभ धारदार असते, आणि एखाद्याचे अवघड व्रत सांगायचे झाले तर ते असिधाराव्रत ठरते. तलवारींवर पोवाडे झाले. पण त्या तलवारी सहाणेवर धरणाऱ्या शिकलगाराचे नाव कोणी विचारले नाही. सायकल स्टँडवर उभी करून, पायाने चाक फिरवीत, ठिणग्या उडवीत आईच्या विळीला धार लावून देणारा माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिला असेल. त्याच्याभोवती पोरे जमत ती ठिणग्या पाहायला. तो हात कसा धरतो, पाते किती वेळ टेकवतो आणि केव्हा उचलतो, हे कोण पाहणार?

मला ते पाहावे लागले. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकासाठी पावसावर, आईवर किंवा फार तर कॉलेजच्या कट्ट्यावर लिहावे, अशी रीत आहे. मी लिहिते आहे ती धार लावण्याच्या यंत्राची खरेदी. त्या यंत्रावर आमच्या घरातले बरेच काही अवलंबून होते, एवढेच त्याचे समर्थन.

माझे वडील सुतार. आमचे गाव श्रीवर्धन तालुक्यात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि एका दुपारीत आमच्या भागातल्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माड, फणस, आंबे, काही राहिले नाही. घरांवर झाडे, वाटांवर झाडे. त्या दिवसांत दारे-खिडक्या कोण करून घेणार? ज्याच्याकडे चेनसॉ होती त्याला मात्र दिवस पुरत नव्हता. बाबांनी मामाकडून उसने पैसे घेऊन एक वापरलेली चेनसॉ घेतली. गावात तिला नुसते ‘मशीन’ म्हणतात. वादळाची लाकडे केव्हाच संपली. पण मशीन राहिली. वठलेला आंबा उतरवणे, छपरावर आलेली फांदी तोडणे, सरपण पाडून देणे ही कामे वर्षभर असतात. माझी फी त्यातूनच जाते.

मशीन म्हटली की लोकांना तिचा आवाज आठवतो. पण कापते ती साखळी. आमच्या अठरा इंची पात्यावरच्या साखळीत बहात्तर चालक कड्या आणि छत्तीस दात आहेत. त्यांतले अठरा डावे, अठरा उजवे. एकाआड एक, एकमेकांकडे पाठ केलेले. मराठीत छत्तिसाचा आकडा म्हणजे वैर. इथे मात्र त्या पाठ फिरवण्यातच सारे काम आहे. डावा दात कापाची एक कड काढतो, उजवा दुसरी. दोघांमिळून वाट मोकळी होते. ही रचना आली कुठून, हे वाचले तेव्हा मला मोठी मौज वाटली. अमेरिकेत ऑरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती नुसते पुढे कुरतडत नव्हती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे तोंड चालवीत होती. पुढल्याच वर्षी त्याने तशा दातांची साखळी बाजारात आणली. आज जगभर चालणाऱ्या साखळ्या त्याच वळणाच्या आहेत. ज्या अळीने आमच्या आंब्याचे खोड पोकळ करावे, तिच्याच कुळातल्या एकीकडून माणसाने तो आंबा कापायची विद्या घ्यावी!

धार आहे की गेली, हे दातांकडे न पाहताही कळते. धार असली की मशीन लाकडाच्या जाडसर चिपा फेकते. धार गेली की पिठासारखा भुसा पडू लागतो, आणि माणूस नकळत मशीन दाबू लागतो. खरा धोका इथे आहे. धारदार साखळी आपल्या वजनाने लाकडात उतरते. बोथट साखळीला माणसाचे वजन लागते. दाबता दाबता पात्याचे टोक कुठे अडले तर मशीन उसळून अंगावर येते. आणि धार जायला लागते किती? आडव्या पडलेल्या खोडाच्या खाली पाते मातीत क्षणभर टेकले तरी पुरे. माडाचे खोड तर बाबांच्या भाषेत ‘धार खाणारे’.

म्हणून बाबा दर तासा-दोन तासांनी खाली बसत आणि गोल कानशीने धार लावीत. आमच्या साखळीला ४.८ मिलीमीटरची कानस लागते. कानस तीस अंशांत धरायची, आतून बाहेर लोटायची, परत आणताना उचलायची. प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात. बाबांचा ओठांतल्या ओठांत ‘एक, दोन, तीन’ असा जप चाले. पण गेल्या दोन वर्षांत त्यांची नजर मंदावली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला आहे. डावे दात ठीक उतरत, उजव्या दातांचा कोन बिघडे. ज्या बाजूचे दात लांब आणि तीक्ष्ण, त्या बाजूला काप झुकतो. सरळ धरलेले पाते ओंडक्यात तिरके जाऊन अडकू लागले. बाबा काही बोलले नाहीत. पण फांदीवर चढून करायची दोन कामे त्यांनी दुसऱ्याकडे पाठवली, तेव्हा आईने विषय काढला. डोळ्याचे ऑपरेशन पुढे होईलच. तोवर कोन धरून ठेवणारे यंत्र घ्यावे, असे ठरले.

गावात मत विरुद्ध पडले. “ग्राइंडर साखळी खातो,” असे सगळ्यांचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. कानस दातावरून केसाएवढे पोलाद काढते. चाक एका टेकीत त्याच्या कितीतरी पट काढू शकते. शिवाय ते जरा जास्त टेकले की दात तापून निळा पडतो. निळा पडला म्हणजे त्याचे पाणी गेले. मग त्यावर धार टिकत नाही. तेव्हा प्रश्न ग्राइंडर घ्यावा की नाही एवढाच नव्हता. सहा हजारांत कमीत कमी पोलाद खाणारा ग्राइंडर कोणता, असा होता.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची दुकाने ओळीने आहेत. माहितीपत्रके इंग्रजीत असतात, म्हणून बाबांनी मला बरोबर घेतले. पहिल्या दुकानात नेहमीचा दोन चाकांचा बेंच ग्राइंडर पुढे आला. “काका, कुऱ्हाड, कोयता, पटाशी, सगळं होईल,” असे विक्रेता म्हणाला. ते खरेच होते. पण त्याचे चाक बोटापेक्षा जाड, ते दाताच्या खोबणीत शिरणार कसे? साखळीच्या ग्राइंडरचे चाक पातळ असते. साखळीच्या मापाप्रमाणे ३.२ किंवा ४.८ मिलीमीटरचे. त्याखाली साखळी पकडणारा शिकंजा असतो, तो अंशांच्या खुणांवर डावी-उजवीकडे फिरतो.

पुढच्या दुकानात असे तीन नमुने होते. एक हलका, प्लास्टिकच्या अंगाचा, लहान चाकाचा. आमच्या रकमेच्या निम्म्याहून कमी. दुसरा धातूच्या अंगाचा, १४५ मिलीमीटर चाकाचा. घासाघीस केली तर सहा हजारांत बसेल असा. तिसरा परदेशी, त्याच्याकडे आम्ही नुसते पाहिले. “पहिला आणि दुसरा, काम एकच आहे काका. फरक फक्त वजनाचा,” विक्रेता म्हणाला.

बाबांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी यंत्र बंद असतानाच हलक्याचे डोके दोन बोटांत धरले आणि बाजूला हलवले. ते हलले, फार नाही, पण डोळ्याला दिसेल इतके. मग पिशवीतून जुनी साखळी काढून शिकंज्यात धरली आणि दात नखाने रेटला. दात मागे सरकला. “चाक टेकलं की हा असाच सरकणार,” ते मला म्हणाले. “दर दात वेगळा. मग सगळ्यांत आखूड दाताच्या मापाला बाकीचे पस्तीस कापत बसायचं.” धातूच्या यंत्रावर तीच परीक्षा झाली. पहिल्या नगाचे डोके किंचित ढिले होते; त्यांनी दुसरा खोका उघडायला लावला. त्यात शिकंजा तीस अंश डावीकडे, मग तीस अंश उजवीकडे फिरवून, दोन्हीकडे चाक दाताच्या त्याच जागी उतरते का ते पाहिले. शेवटी चाक काढायला सांगून, बोटावर तोलून, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच वाजवले. स्वच्छ टण् असा आवाज आला. तडा गेलेले चाक बद्द वाजते, आणि तसले चाक फिरताना फुटले तर तोंडावर येते. मातीचे मडके घेताना आजी असेच वाजवून पाही, याची मला आठवण झाली.

माझे काम वाचण्याचे. चाकावर छापलेला कमाल फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा मोठा आहे, हे मी ताडून पाहिले. सुटी चाके त्याच दुकानात मिळतात, हे विचारून घेतले. धातूचे यंत्र घेतले तर नवी साखळी घ्यायला पैसे उरत नव्हते. मी तसे बाबांना हळूच म्हटले. ते म्हणाले, “यंत्राचे पैसे आपण एकदा मोजू, बाय. ढिलं यंत्र घेतलं तर त्याचे पैसे साखळी मोजत राहील.” उरलेल्या पैशांत त्यांनी दोन गोल कानशी घेतल्या आणि बाकीचे एस.टी.ला ठेवले.

कानशी कशाला, असे मला तेव्हा वाटले, आता कळते. जंगलात, बागेत, झाडाखाली ग्राइंडर नेता येत नाही. तिथे कानशीचे दोन-दोन हातच कामाला येतात. दगड-खिळा लागून दात तुटले, किंवा डाव्या-उजव्याचा मेळ गेला, की साखळी घरी आणून ग्राइंडरवर सारखी करायची. पहिले काही दिवस त्यांनी टाकून दिलेल्या साखळीवर हात बसवला. चष्म्यावर दुसरा जाड चष्मा चढवून ते चाक खाली आणतात, टेकवतात न टेकवतात तोच उचलतात; पुन्हा टेकवतात. एका दाताला असे तीन-चार स्पर्श. सुरुवातीच्या दाताला खडूची खूण असते, नाहीतर गोल साखळीत आरंभ सापडत नाही. अठरा झाले की शिकंजा फिरवून उरलेले अठरा. मग दातापुढचा उंचवटा पट्टीने तपासायचा. तो दाताच्या धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिलीमीटरच खाली हवा. जास्त खाली गेला तर दात लाकडात नको तितका घुसतो आणि मशीन हिसके देते. हे माप मी पाहते, कारण तेवढे बारीक आता बाबांना दिसत नाही.

‘परवडणे’ हा शब्द आम्ही घरात नेहमी किमतीपुढे लावतो: हे परवडते, ते परवडत नाही. त्या खरेदीनंतर मी तो थोडा निराळा वापरू लागले आहे. निम्म्या किमतीचे यंत्र स्वस्त होते, यात शंका नाही. पण ज्याच्याकडे एकच साखळी आहे त्याला ते परवडले नसते. ज्याच्याकडे दहा आहेत त्याला कदाचित परवडेल.

साखळीच्या प्रत्येक दातावर मागच्या बाजूला एक तिरकी रेघ कोरलेली असते. धार लावता लावता दात त्या रेघेपर्यंत झिजला की साखळी संपली. पुढे वापरायची नाही. आमच्या साखळीवर ती रेघ अजून लांब आहे. महिन्यातून एकदा बाबा मला ती पाहायला लावतात. मी छत्तीसही दात मोजून पाहते, आणि जेवढे उरले असेल तेवढे मोठ्याने सांगते.