दुसऱ्या श्रेणीतला पहिला

वर्धा जिल्ह्यातील काळ्या जमिनीने फुटबॉलवर कधी फारशी माया केली नाही. पावसाळ्यात तिचा चिखल बुटाला असा चिकटतो की चेंडूपेक्षा पायच जड होतात, आणि उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत घोट्याची शाश्वती उरत नाही. या भागात फुटबॉल पाहावयाचा तर नागपूरपलीकडे कामठीला जावे. त्या छावणीच्या गावाने हा खेळ मनापासून जपला आहे. आमच्या घरी मात्र तो कामठीहून आला नाही; आला शिवोलीहून. गोव्याच्या बार्देश तालुक्यातील या गावी १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी मुलांच्या पायांत प्रथम फुटबॉल दिला, असे सांगितले जाते. आमचे वडील त्याच गावचे. नोकरीच्या निमित्ताने ते वर्ध्याला आले आणि येथलेच झाले. मासळीची चव त्यांनी हळूहळू विसरली असावी. फुटबॉल विसरले नाहीत.

त्यांच्यापाशी एक लांबट, निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीत ते दरवर्षी विजेत्यांची नावे लिहीत. नवल असे की अव्वल श्रेणीच्या विजेत्यापेक्षा दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्याचे नाव ते अधिक ठळक अक्षरांत काढीत आणि शेजारी एक रकाना आखीत : ‘वर गेला काय?’ राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ साली सुरू झाली आणि १९९७-९८ च्या मोसमापासून तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, तेव्हापासूनचा हा परिपाठ.

या रकान्याचे मूळ मला फार उशिरा उमगले. वडील आपल्या कचेरीतील खातेपरीक्षेत एकदा पहिले आले होते; परंतु वरची जागा रिकामी नाही, या कारणास्तव सात वर्षे त्याच खुर्चीत बसून राहिले. याविषयी ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. ‘खालच्या वर्गात पहिला आला त्याला वरच्या वर्गात बाक हवाच,’ एवढेच म्हणत, आणि तेही फुटबॉलविषयी.

२००७ साली राष्ट्रीय लीगची आय-लीग झाली. तिच्या दुसऱ्या श्रेणीचा २००८ चा पहिला विजेता मुंबई एफसी. पुढे २०१४ साली शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहचे नाव आले. या संघाने वर जाताच पहिल्याच मोसमात तिसरा क्रमांक मिळविला आणि लगेच लीगमधून अंग काढून घेतले. २०१५ साली मिझोरमचा ऐझॉल. आणि २०१६ साली (येथे वडिलांचे अक्षर किंचित थरथरलेले आहे) डेम्पो.

डेम्पो म्हणजे गोव्याचा मानाचा संघ. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला. तो २०१५ मध्ये खाली घसरला, तेव्हा आमच्या घरी सुतकच होते. एका वर्षात दुसरी श्रेणी जिंकून त्याने वरची पायरी पुन्हा कमावली. परंतु त्याच वर्षी महासंघाने नवी योजना मांडली : वरचे स्थान इंडियन सुपर लीगला, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जाण्याची वाट बंद. डेम्पो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी निषेध म्हणून माघार घेतली. जिंकलेली पायरी डेम्पोने चढलीच नाही.

थोरल्या भावाला हे बाणेदारपणाचे वाटले. ज्या जिन्याला वरचा मजलाच नाही, तो चढावयाचा कशाला, हा त्याचा प्रश्न. वडील गप्प राहिले. मला विचाराल तर निषेधाचे कारण रास्त होते. पण संघाचे नाव टिकून राहते आणि खेळाडूचे वय निघून जाते. निषेध मालकांचा, मोसम मात्र त्या मुलांचा गेला.

त्या रिकाम्या जागेचे पुढे जे झाले, ते वडिलांना अखेरपर्यंत पुरले. २०१५-१६ च्या मोसमात ऐझॉल आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या संघांनी जागा सोडल्यामुळे त्याला परत बोलावण्यात आले. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्यापूर्वी कित्येक वर्षे मुंबई एफसी सांभाळीत होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता ठरला. मोहन बागानहून अवघ्या एका गुणाने पुढे. त्याच मोसमात जमील यांचा जुना संघ मुंबई एफसी तळाला गेला, आणि पुढे तो उरलाही नाही. आज, २०२५ पासून, जमील राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक आहेत.

ऐझॉलच्या नावापुढे वडिलांनी तांबड्या पेन्सिलीने लिहिले : ‘गेला.’ डेम्पोच्या नावापुढचा रकाना कोराच ठेवला. त्यानंतर दोन वर्षांनी ते देवाघरी गेले. तोवर नेरोका आणि रिअल काश्मीर यांची नावे त्यांनी स्वहस्ते लिहिली होती.

वही आता थोरल्या भावाकडे असते. बंद वाट २०२३ साली उघडली. आय-लीग जिंकलेला पंजाबचा संघ त्या वर्षी सुपर लीगमध्ये गेला. डेम्पोही परतला, पण आणखी एक पायरी खालून. आय-लीगची जुनी दुसरी श्रेणी आता देशातील तिसरी आहे. २०२३-२४ मध्ये तेथे बंगळूरच्या संघामागे दुसरा येऊन डेम्पो आय-लीगमध्ये पोहोचला.

वही विजेत्यांची आहे, त्यामुळे डेम्पोचे नाव तीत बसत नाही, असे मी म्हटले. भावाने माझ्याकडे पाहिलेही नाही. त्याने आठ वर्षांपूर्वीचे पान काढले आणि वडिलांनी सोडलेल्या कोऱ्या रकान्यात बारीक अक्षरांत ‘२०२४’ असे लिहिले. तांबडी पेन्सिल सापडेना, म्हणून निळ्या शाईने.