मीठ लागलं चेसीला!

वीकेंडला कोकण गाठायचं, ओल्या वाळूत जीप घालायची, फोटो काढायचे. एकदम झकास! पण बॉडीवर साधा ओरखडा दिसला तरी हळहळणारे आपण गाडीखाली वाकून कितीदा बघतो?

माझी नोकरी पुण्यात, घर धाराशिवला आणि थार दोन्हीकडची. पेरणीच्या दिवसांत आबा तिच्यातून खताची पोती नेतात, एरवी मी तिला दापोलीकडे पळवतो. ‘आपल्याकडं हवा कोरडी, गंज कशाचा धरतोय?’ असं आबांचं म्हणणं.

पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. वाळूबरोबर ते पोकळ चेसीत शिरतं, पाणी निघायची भोकं चिखलानं बुजतात आणि लोखंड आतून खाल्लं जातं. वरून रंग चकाचक! खताचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच भाऊ. बॉडी, सस्पेन्शन सगळं या चेसीवर उभं आणि आत बसणार आपलीच माणसं.

उपाय सोपा : भरपूर गोडं पाणी. तिथंच आमची पंचाईत! 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात भर उन्हाळ्यात गाडीवर पाइप सोडला, तर आई पाइपच काढून घेईल.

म्हणून गाडी मी कोकणातच धुऊन घेतो. घाट चढायच्या आधी, रॅम्पवर, खालून. घरी कामाला येतो पाठीवरचा 16 लिटरचा फवारणी पंप. नवा घ्या, औषध न घातलेला. तारेनं चेसीची भोकं मोकळी करा, आत नळी घाला, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत फवारा. मग गाडी दिवसभर उन्हात. ऊन आमच्याकडं फुकट आहे!

गंज दिसलाच तर तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड, त्यावर रंग आणि पोकळ भागात कॅव्हिटी वॅक्स. गंजावरच काळं अंडरकोटिंग थापू नका. ओल आत कोंडते आणि लोखंड गुपचूप सडत राहतं. जळकं ऑइल फासायचा सल्लाही मिळेल. त्यानं रबरी बुश खराब होतात आणि ते ऑइल शेवटी जमिनीतच मुरतं.

आणि किनाऱ्यावर गाडीला बंदी असेल तर ती पाळाच. चेसीचंही भलं होईल.

आबांना हे सगळं पटलंय असं नाही. पण हल्ली पोती उतरली की ते आधी हौदा झाडून घेतात आणि मग विचारतात, ‘पंप कुठं ठेवलास रे?’