लग्न राहिलं होतं

कडावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत होतो. भातकापणी उरकली होती आणि वाड्यांवरची माणसं वीटभट्ट्यांवर निघायच्या तयारीत होती. माझ्या वर्गातल्या पहिलीच्या एका मुलीचा बाप जवळ येऊन उभा राहिला. पंधरा दिवस पोर शाळेत नव्हती. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "तिची आई तिला घेऊन माहेरी गेली गुरुजी, खालापुराकडं. आमचं लगीन राहिलं होतं. आता पोरीवर तुझा हक्क नाय म्हणतात. खरं का?"

'लग्न राहिलं.' आमच्याकडच्या आदिवासी वाड्यांवर हे मान खाली घालून कुणी सांगत नाही. पैसा जमला की मांडव घालायचा. तोवर संसार होतो, पोरं होतात. कधी आईबापाच्या हळदीत पोरंच नाचतात. राहिलेलं लग्न म्हणजे उरलेलं एक काम, एवढंच. घर फाटतं तेव्हा त्या उरलेल्या कामाची किंमत कळते.

मी वकील नाही. वाचलं होतं तेवढं मनात जुळवत गेलो. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात लग्नाच्या जोडप्याच्या मुलाचा पहिला पालक बाप, नंतर आई. त्या 'नंतर'ची धार १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं गीता हरिहरन खटल्यात बोथट केली. लग्नाबाहेरच्या मुलासाठी क्रम मुळातच उलटा आहे. आई आधी, बाप तिच्यामागून. २०१५ साली तर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अविवाहित आईनं पालकत्वाचा अर्ज केला तर बापाचं नाव उघड करण्याची किंवा त्याला नोटीस धाडण्याची सक्ती नाही. पोटगीचा कायदा मात्र लग्न झालं होतं का, हे मुलाच्या बाबतीत पाहत नाही. पोसायला बाप बांधलेला आहेच.

हे त्याला कसं सांगावं? मलाही ते एकतर्फी वाटत होतं. मग शाळेचं जनरल रजिस्टर डोळ्यांपुढे आलं. बापाच्या रकान्यात ठसठशीत नाव, आणि दाखल्यापासून निकालापर्यंत प्रत्येक कागदावर अंगठा आईचा, अशी कितीतरी पानं. कायदा त्या आयांकडे बघून लिहिला गेला. पळालेल्या बापांची उधारी थांबलेल्या बापाच्या खात्यावर पडली, ती अशी.

त्यातही एक गंमत आहे. अनुसूचित जमातींना, म्हणजे इथल्या ठाकर-कातकऱ्यांना, १९५६ चा तो कायदा लागूच नाही. त्यांच्यासाठी उरतो इंग्रजांच्या काळातला, १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्यात मुख्य तराजू मुलाच्या हिताचा. मुलाचं वय, नात्याची जवळीक, सांभाळणाऱ्याची वागणूक आणि कुवत, मूल जाणतं असेल तर त्याची मर्जी, हे सगळं त्यात तोललं जातं. जिल्हा न्यायालयात बापाला ताबा मागता येतो, निदान भेटीचे दिवस तरी. आदिवासी असल्यानं मिळकत न बघता विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. दोघांचं जुळलं तर शाळा कुठे, सुट्टी कुणाकडे, हे समेटानं लिहूनही घेता येतं.

"पण पुरावा काय दावू?" त्यानं विचारलं.

"तिची वेणी कोण घालायचं?"

"मीच. आई पहाटेच कामाला जायची."

पोरीची एक वेणी नेहमी वर, एक खाली असायची. त्यावरून मी तिला एकदा रागावलो होतो. आता ती वाकडी वेणीच त्याच्या बाजूनं बोलेल, असं वाटलं. लसीचं कार्डही त्याच्याच पेटीत होतं.

पण मग तराजूचं दुसरं पारडं दिसलं. "भट्टीची उचल घेतलीस?"

"घेतली."

"मग पोर तुझ्याकडे आली, तर तिला भट्टीवर नेशील?"

तो गप्प झाला. न्यायाधीशांनी विचारायचा प्रश्न मी नाक्यावरच विचारून बसलो होतो. कर्जतची एसटी आली. मी पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मागून आवाज आला, "गुरुजी, पोरीचं नाव पटावरनं काढू नका. उचल परत घेतो का, मुकादमाला विचारून बघतो."