गिर्याच्या खाडीतली आग

वाळूजच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला येईल तेवढेच. पण आमच्या सौभाग्यवतींचे माहेर देवगड तालुक्यातले. लग्नाला वीस वर्षे झाली, तरी वादात हरण्याची वेळ आली की त्यांचा हुकमी पत्ता ठरलेला : "तुम्ही घाटावरची माणसं! आमचं आरमार तुम्हीच बुडवलंत."

मी पडलो पेशव्यांचा अभिमानी. हा टोला वर्मी लागे. शेवटी गेल्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो, तेव्हा विजयदुर्ग डोळ्यांनी पाहूनच या खटल्याचा निकाल लावायचे ठरवले.

नगर, पुणे, कोल्हापूर करीत गगनबावड्याचा घाट उतरलो आणि हवा एकदम दमट झाली. तळेऱ्याहून पुढे लाल माती, आंब्याच्या बागा. आणि रस्ता संपतो तिथे समुद्रात पाय रोवून उभा असलेला किल्ला. तिहेरी तटबंदी, शेजारी वाघोटन खाडीचे मुख. जवळच्या गिर्ये गावावरून इंग्रज याला 'घेरिया' म्हणत. १७२० मध्ये इंग्रज आणि १७२४ मध्ये डच इथून हात हलवीत परतले होते. तो काळ कान्होजी आंग्र्यांचा.

बुरुजावर उभे राहून सासऱ्यांनी खाडीकडे बोट दाखवले. "जावईबापू, आंग्र्यांची गलबते जळाली ती इथे."

कान्होजींचा मुलगा तुळाजी पेशव्यांना जुमानीना. तेव्हा नानासाहेबांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार विजयदुर्गासमोर आले. बरोबरच्या फौजेवर होता रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेलेला. १२ तारखेला तोफा सुरू झाल्या. एक गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेले! शेजारी शेजारी बांधलेल्या जहाजांनी भराभर पेट घेतला आणि एका दिवसात सारे आरमार राख झाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

किल्ला मराठ्यांना द्यायचा, असा करार होता. पण सुमारे १० लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि किल्ला सोडला तो ऑक्टोबरातल्या पुण्याच्या तहाने, बाणकोट कायमचे पदरात पाडून घेऊन.

पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. फक्त दुवा आपण विसरतो. हाच वॉटसन आणि हाच क्लाइव्ह इथून मद्रासेला गेले, तिथून बंगालमध्ये. जानेवारी १७५७ मध्ये कलकत्ता परत घेतले, आणि जूनमध्ये प्लासी झाली. पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या पाठीशी भय उरले नव्हते. ट्रफाल्गारची लढाई आपण शाळेत घोकली. घरची ही लढाई मात्र दोन ओळींत उरकतो.

मी वकिली केली : "पण तुळाजी ऐकत नव्हता. धन्याला न जुमानणाऱ्या सरदाराचे पेशव्यांनी काय करायचे?"

सासरे शांतपणे म्हणाले, "भाऊ ऐकत नाही म्हणून शेजाऱ्याकडून घराचे दार फोडून घ्यायचे का? भाऊ वठणीवर येतो. पण शेजाऱ्याला वाट कळते."

१८१८ मध्ये हाच किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. मी काही बोललो नाही. समोर खाडीचे पाणी संथ होते, आणि एक मचवा बंदराकडे परतत होता.

वाळूजला परतलो त्या रात्री नगर रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग लागली होती. आमच्या कारखान्यांतला माल भरून त्या न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघाल्या होत्या. इतकी वर्षे मी त्या पाहतो. पण समुद्राशी आपलेही पोट बांधलेले आहे, हे त्या रात्री प्रथम जाणवले.

घरी येताच मी सौभाग्यवतींना म्हटले, "खटला हरलो."

"वीस वर्षांनी का होईना!" त्या म्हणाल्या, आणि चहाचे आधण ठेवायला मलाच पाठवले.