होडीचं बूड

होडीत बसलेल्या माणसाला होडीचं बूड दिसत नाही. ते पाण्यात असतं, म्हणून कुणी बघत नाही. गावाची ओझी वाहणाऱ्यांचंही तसंच झालं. म्हणून दोस्तांनो, बुडाबद्दल लिहितोय.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. माझी आत्या नदीकाठच्या एका गावात दिलेली. तिथं आपली वस्ती खालच्या अंगाला, म्हंजे पाणी आधी आमच्या उंबऱ्यात. होडी मात्र वस्तीकडं शेवटाला आली.

१९०१ साली बाबासाहेब लहान असताना साताऱ्याहून वडलांकडं निघाले, आगगाडीनं मसूरला उतरले. ती आगगाडीची वाट आमच्या रहिमतपूरवरनंच जाते. मसूरपासून गोरेगावच्या वाटेवर रात्रभर त्या पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही. तेव्हा पाणी मागून मिळत नव्हतं. आता पाणी न मागता घरात शिरतं, आणि होडी मागून मिळत नाही.

वस्तीच्या पोरांनी वर्गणी काढून एक जुनी अल्युमिनियमची होडी घेतली. टेम्पोत घालून रहिमतपूरला आणली. इथली कमंडलू लहान नदी, तिच्यात होडीचं काय काम? पण माझा चुलता जर्मनची भांडी ठोकून सारखी करणारा. आमच्याकडं अल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. नाना होडीभोवती फिरले न् म्हणाले, "आरं, ही बी एक मोठी परातच हाय. आधी गळतंय कुठं ते बघा."

गळती बघायला होडी पाण्यात सोडायची गरज नाही. होडीतच पाणी ओतायचं. आम्ही ती ठोकळ्यांवर ठेवली, आत बादल्या ओतल्या आणि खालून जिथं थेंब आला तिथं खडूनं खूण केली. नऊ रिव्हेट ढिले निघाले. एकानं एका बाजूनं जड लोखंड दाबून धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं हातोडी मारायची. एकट्याचं ते काम न्हाई. पार खाल्लेले रिव्हेट काढून नवे घातले, तेही अल्युमिनियमचेच. बारीक चिरा एपॉक्सीनं बुजवल्या.

मग होडी पालथी घालून जुना रंग खरवडला. एक पोरगा म्हणाला, जहाजाच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा रंग देतात, तोच आणू. नानांनी अडवलं. तांबं आणि जर्मन कोरड्यात शेजारी सुखानं राहतात. ओल आली की तांबं जर्मनला खातं, पत्र्याची चाळण होते. मला पुरातला गाव आठवला. एरवी चहा एका टपरीवर, गणपतीची वर्गणी सगळ्यांची. पाणी चढलं तेव्हा पहिली फेरी कुणाची, ते कळलं.

घासलेल्या अल्युमिनियमवर हवेनं लगेच पातळ थर धरतो, मग रंग नीट चिकटत नाही. म्हणून त्याच दिवशी आधी वॉश प्रायमर, तो वाळल्यावर रंगाचे दोन हात. निळ्या रंगाचे.

नुसतं बूड घट्ट असून भागत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी होडी उलटली. झेपतील त्याहून जास्त माणसं तिच्यात होती. बायामुलं बुडाली. घाबरलेल्या माणसाला थांब म्हणायचं तर हातात काहीतरी नेम पाहिजे. म्हणून या होडीच्या दोन्ही अंगांना किती माणसं बसायची तो आकडा हातभर मोठा रंगवला. वस्तीत बैठक घेऊन दुसरा नेम केला : होडी आपल्या वर्गणीची असली तरी कुणाची जात विचारायची नाही. पाणी आधी कुणाच्या घरात शिरतं तेवढं विचारायचं, आणि तिथंच पहिली फेरी.

तुमच्या गावात ग्रामपंचायतीची होडी असेल तर मे महिन्यातच मागून घ्या, तिच्यात पाणी ओता, खाली वाकून बघा. पहिली फेरी कुठं जाणार, हेही तेव्हाच लिहून घ्या.