घरोटापासून मिरीच्या चक्कीपर्यंत : दळणारा हात कोणाचा?

१/
जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी उभी असणारी लाकडी मिरीची चक्की प्रथमदर्शनी शोभेची वस्तू वाटते. कातीव लाकडाचा वीतभर देह, वर फिरणारी गोल मूठ, आत पोलादी दाते. मराठीत तिला रूढ नाव नाही. ‘पेपर मिल’ म्हणावे, तर धुळ्याच्या बाजारात कागदाची गिरणीच कोणालाही आठवेल. हे नाव का घडले नाही, याचा शोध व्यापाराच्या इतिहासातून थेट स्वयंपाकघरातील श्रमाच्या इतिहासात घेऊन जातो. #धागा

२/
सुरुवात देवपूरपासून करू. पांझरेच्या उत्तर तीरावरचे देवपूर हा आज धुळे शहराचाच भाग. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. फेरिश्त्याच्या इतिहासग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करणारे ब्रिग्ज ते हेच. योगायोग असा की, त्याच १८१९ मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हान्स ख्रिस्तियन ओर्स्टेड यांनी मिरीला तिखटपणा देणारे द्रव्य, म्हणजे पायपरीन, वेगळे काढले.

३/
मिरी ही खानदेशची नव्हे. तिच्या वेलीला भरपूर पाऊस, दमट हवा आणि चढायला आधाराचे झाड लागते. मलबार, कारवार, गोवा, कोकण ही तिची भूमी. तापी-पांझरेच्या कोरड्या खोऱ्यात ती नेहमी बाहेरूनच आली. येथे ती काळ्या मसाल्यात लवंग, दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्याच्या सोबतीने उतरली. सुंठ आणि पिंपळी यांच्या जोडीने ती ‘त्रिकटू’ झाली आणि सर्दी-खोकल्याच्या काढ्यात गेली.

४/
यातील पिंपळीचे नाव लक्षात ठेवावे. संस्कृत ‘पिप्पली’पासून ग्रीक ‘पेपेरी’, त्यापासून लॅटिन ‘पिपेर’ आणि पुढे इंग्रजी ‘पेपर’ हा शब्द आला. म्हणजे युरोपने नाव घेतले लांबट पिंपळीचे आणि ते दिले गोल काळ्या मिरीला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालात पिंपळीची नोंद आहे. भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आहे, असेही तो लेखक सांगतो. तापी ओलांडल्यावाचून ही वाट पुरी होत नाही.

५/
या दाण्यांचे मोल किती होते? इ. स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला आणि तो उठवण्यासाठी खंडणी मागितली. त्या खंडणीत ५,००० पौंड सोने आणि ३०,००० पौंड चांदी यांच्याबरोबर ३,००० पौंड मिरीही होती. शहराच्या प्राणांची किंमत ठरवताना मिरी सोन्या-चांदीच्या पंक्तीत बसत होती.

६/
पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेतील एक लाल-हिरवे फळ भारतात आले. तिखट म्हणून आपल्याला आधीपासून ओळखीची होती ती मिरी. म्हणून पाहुण्या फळाचे नाव पडले ‘मिरची’. नावाने लहान बहीण वाटणारी ही मिरची खानदेशात थोरली होऊन बसली. आज नंदुरबार आणि दोंडाईचा यांची ओळख मिरचीच्या बाजारपेठा म्हणून आहे.

७/
येथवरचा इतिहास व्यापाऱ्यांचा आणि राजांचा झाला. दाणे कोणी पिकवले, विकले, लुटले हे कळते. ते दाणे वाटले कोणी, हे मात्र कोणत्याही खंडणीच्या यादीत सापडत नाही. अशा वेळी धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी ज्यांचे निधन झाले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची दृष्टी उपयोगी पडते. कागद मुके झाले की शब्दांना साक्षीला बोलवावे, ही ती दृष्टी.

८/
शब्दांची साक्ष अशी. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ या शब्दापासून आला आहे. असंख्य यंत्रांमधून मराठीने हे नाव दळण्याच्या यंत्रासाठी राखून ठेवले. खानदेशात जात्याला ‘घरोट’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘घरट्ट’ म्हणजे दळण्याचा दगड. पोथीतला जुना शब्द खानदेशातील बायकांच्या तोंडी जिवंत राहिला, कारण ती वस्तू रोज पहाटे त्यांच्या हाती होती.

९/
घरोटाचा देह दगडाचा, पण हात लागतो तो लाकडाला. वरच्या तळीत ठोकलेला खुंटा धरून एक किंवा समोरासमोर बसलेल्या दोघी ती तळी फिरवतात. मसाल्यासाठी उखळ आणि मुसळ. मुसळही लाकडाचे, टोकाला लोखंडी कडे बसवलेले. थोडीशी मिरी कुटायची, तर खलबत्ता. साधने निराळी, हात बहुधा एकाच व्यक्तीचा.

१०/
या हाताला आवाज मिळाला तो खानदेशातच. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची काव्यरचना घरातल्यांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नांनी ‘बहिणाईची गाणी’ प्रसिद्ध झाली. त्यात ‘घरोट’ याच नावाची एक कविता आहे. दळणारीनेच दळण्याविषयी रचलेला हा मजकूर इतिहासाचे साधन म्हणूनही मोलाचा आहे.

११/
पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचल्या आणि जाती थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गिरणीने बायकांच्या खांद्यांवरचा भार उतरवला, हे निर्विवाद चांगले झाले. मात्र ज्या श्रमातून ओवी निघत होती, तो सरताच तिची रोजची जागाही गेली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१२/
आता फ्रान्सकडे वळू. पूर्व फ्रान्समधील एरिमोंकूर येथे प्यूजो कुटुंबाने १८१० मध्ये आपल्या धान्याच्या गिरणीचे पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केले. तेथे करवतींची पाती निघू लागली. आज या नावाच्या मोटारींवर दिसणारा सिंह मुळात त्या पात्यांवरचा. १८४० मध्ये त्यांनी कॉफीची चक्की काढली आणि १८७४ मध्ये मिरीची. मोटार त्यानंतरची. धान्य दळणाऱ्या घराण्याने पोलाद हाती घेतले आणि ते पुन्हा दळण्याकडेच वळवले.

१३/
चक्कीची रचना घरोटाहून फार दूरची नाही. पोकळ लाकडी देहात दाणे, मधोमध धातूची दांडी, तळाशी खोबणी असलेले दोन भाग : एक स्थिर, एक फिरता. खोबणी दाण्याला खाली ओढते, वरचे मोठे दाते तो फोडतात, खालचे बारीक दाते भरडतात. माथ्यावरची कळ आवळली की पूड बारीक, सैल केली की जाडसर. घरोटातही वरच्या तळीचे अंतर कमी-जास्त करून हेच साधतात.

१४/
टेबलावरच का दळायचे? मिरीचा तिखटपणा टिकतो, पण तिचा सुगंध ज्या उडनशील तेलांत असतो, ती दाणा फुटताच उडू लागतात. दुसरा प्रश्न भेसळीचा. १८२० मध्ये फ्रेडरिक अकुम यांनी लंडनमधील भेसळीवर लिहिलेल्या पुस्तकात पेंड, माती आणि तिखट मिसळून बनवलेल्या खोट्या मिरीदाण्यांचे वर्णन आहे. आपल्याकडे पपईच्या बिया मिसळतात. पाण्यात टाकल्या की त्या तरंगतात, चांगली मिरी बुडते. अख्खा दाणा तपासता येतो, पूड तपासणे अवघड.

१५/
मग ही चक्की मराठी घरात का उपजली नाही? लाकूड कातण्याची कला येथे होतीच. लाकूड कातणारा तो कातारी. पाळण्याचे पाय, लाटणी, भोवरे हे त्याचे काम. सावंतवाडीत फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. असा कारागीर चक्कीचा देह सहज घडवू शकला असता. कारण कौशल्याच्या अभावात नाही, पानाच्या मांडणीत आहे.

१६/
मराठी पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर असते. मिरी नसते. ती आमटीत, मसाल्यात, काढ्यात आधीच विरघळलेली असते. पदार्थ चुलीपाशीच पूर्ण व्हावा आणि जेवणाऱ्याने तो आयता घ्यावा, अशी ती रीत. मिरीची चक्की याच्या उलट वागते. ती शेवटचे काम जेवणाऱ्याच्या हाती देते. वस्तूची जागा नव्हती, म्हणून तिला नावही पडले नाही.

१७/
दोन चिमटी मिरी दळल्याने कोणाचे श्रम फारसे हलके होत नाहीत. पण ‘दळायचे कोणी?’ हा घरोटाने कधी उघडपणे न विचारलेला प्रश्न ही लहानशी वस्तू टेबलावर सर्वांसमोर ठेवते. उत्तर देण्यासाठी मूठ कोणीही फिरवू शकतो.

१८/
आपल्या आजोळी माळ्यावर जुना घरोट असेल, तर त्याचा खुंटा नीट पाहावा. बोटांच्या जागी लाकूड गुळगुळीत होऊन किंचित खोलगट झालेले दिसेल. तो कोणाचा हात होता, हे सांगणारे कोणी घरात अजून असेल, तर त्यांचे नाव, गाव आणि त्या काय दळत असत, हे आजच लिहून ठेवावे. रोमच्या मिरीचे वजन सोळाशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. घरच्या दळणारीचे नाव त्याहून लवकर विसरले जाऊ नये.

(धागा समाप्त)