अनिताचा निरोप

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २६ सप्टेंबर १९५७ रोजी सादर झालेले ‘वेस्ट साइड स्टोरी’ हे म्युझिकल, म्हणजे संवाद, गाणे आणि नृत्य या तिन्हींच्या आधारे कथा पुढे नेणारे नाटक, सहसा शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे आधुनिक रूप म्हणून ओळखले जाते. ही ओळख चुकीची नसली तरी तीत नाटकाचा सर्वांत सकस भाग हरवतो. कारण पूर्वग्रह माणसाचे नेमके काय करतो हे टोनी आणि मारिया या प्रेमिकांपेक्षा मारियाच्या भावाची प्रेयसी असलेल्या अनितामध्ये अधिक लख्ख दिसते, आणि पडद्यावर ही अनिता प्रथम साकारणाऱ्या रिटा मोरेनो यांच्या आयुष्यात तर या कलाकृतीने दोनदा, साठ वर्षांच्या अंतराने, प्रवेश केला.

जेरोम रॉबिन्स, लिओनर्ड बर्नस्टाइन आणि आर्थर लॉरेन्ट्स यांनी १९४९मध्ये या नाटकाची पहिली कल्पना केली, तेव्हा त्यातील वैर ज्यू आणि कॅथलिक कुटुंबांमधले होते. पुढे ते मागे पडून गोऱ्या तरुणांची ‘जेट्स’ आणि पोर्तो रिकोहून आलेल्या तरुणांची ‘शार्क्स’ या दोन टोळ्या समोरासमोर आल्या; टोनी जेट्सच्या बाजूचा, तर मारिया शार्क्सच्या. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील बेट अमेरिकेच्या ताब्यातले असून तेथील लोकांना १९१७पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे. म्हणजे जेट्स ज्यांना ‘परत जा’ म्हणून हिणवतात, ते कायद्याने त्यांचेच देशबांधव ठरतात.

शेक्सपिअरच्या नाटकात ज्युलिएट जिवंत असल्याचा निरोप रोमिओपर्यंत पोचत नाही, कारण निरोप नेणारा साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो; शोकांतिकेची कळ तेथे योगायोगाने फिरते. लॉरेन्ट्स यांच्या संहितेत प्लेग नाही. आपला प्रियकर बर्नार्डो टोनीच्याच हातून मारला गेला असतानाही अनिता मनावर दगड ठेवून मारियाचा निरोप घेऊन टोनीकडे निघते, तो लपलेल्या दुकानात जमलेले जेट्स तिच्या कातडीचा आणि बोलण्याचा उपहास करत तिच्या अंगावर जातात, आणि त्या विटंबनेतून सुटताच ती संतापाने खोटे सांगते की मारिया मारली गेली आहे. त्या खोट्यापायी टोनीचा जीव जातो. प्लेगची जागा पूर्वग्रहाने घेतली एवढाच हा फरक, पण त्याने सगळी कथा दैवाच्या हातून काढून माणसांच्या पदरात टाकली, आणि या एका बदलापुरते तरी लॉरेन्ट्स यांनी मूळ नाटकावर मात केली असे म्हणण्यास हरकत नाही.

बर्नस्टाइन यांचे संगीतही हा ताण धरून आहे. पाश्चात्त्य संगीतात ट्रायटोन म्हणून ओळखले जाणारे अंतर, म्हणजे आपल्याकडील षड्ज आणि तीव्र मध्यम यांतील अंतर, या नाटकात जागोजागी येते: मारियाच्या नावाच्या गाण्यात सा, तीव्र म, प असे तीन स्वर लागतात, त्यांतील मधला स्वर कानाला बोचतो आणि पंचमावर पोचल्यावरच जीव भांड्यात पडतो. भांडणाच्या आणि प्रेमाच्या सुरावटी अशा एकाच बीजातून निघतात. मात्र बेटावरच्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘अमेरिका’ या गाण्याला बर्नस्टाइन यांनी हुआपांगो हा मेक्सिकन नृत्याचा ठेका दिला (सहा मात्रांची कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन अशी आलटून पालटून विभागणी). ठेका झकास आहे, पण बंगाली कुटुंबाला कोळीगीतावर नाचवावे तसाच हा प्रकार झाला.

रॉबर्ट वाइज आणि रॉबिन्स यांच्या १९६१च्या चित्रपटात ही बेफिकिरी अधिक उघडी पडते. मारिया झाली ती रशियन स्थलांतरितांची मुलगी नताली वुड, तिची गाणी गायली मार्नी निक्सन यांनी, आणि बर्नार्डोच्या भूमिकेत ग्रीक वंशाचे जॉर्ज चाकिरिस होते. १९३१मध्ये पोर्तो रिकोत जन्मलेल्या आणि लहानपणी आईबरोबर न्यूयॉर्कला आलेल्या मोरेनो यांनाही इतरांप्रमाणे एकाच गडद छटेचा रंग फासण्यात आला. त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे की, आपल्या लोकांचे रंग अनेक असतात, असे त्यांनी रंगभूषाकाराला सुनावले, तेव्हा त्याने उलट त्यांनाच वंशद्वेषी ठरवले. मूळ ‘अमेरिका’ गाण्यात अनिता आपल्या बेटाला नावे ठेवते. ते शब्द तोंडात घ्यावे लागतील या धास्तीने त्या भूमिका सोडण्याच्या विचारात होत्या, पण चित्रपटासाठी गीतकार स्टीफन सॉन्डहाइम यांनी गाणे बदलले आणि ते स्त्रिया व पुरुष यांच्यातील सवाल-जवाबासारखे झाले. दुकानातील प्रसंगाच्या वेळी मात्र आयुष्यातले जुने अपमान वर येऊन त्यांना रडू कोसळले. त्या भूमिकेसाठी १९६२मध्ये ऑस्कर मिळाले, आणि त्यानंतर समोर आल्या त्या बहुतेक तशाच ठोकळेबाज भूमिका.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या २०२१च्या चित्रपटात पटकथाकार टोनी कुशनर यांनी दुकानदार डॉकच्या जागी त्याची पोर्तो रिकन विधवा व्हॅलेंटिना आणली आणि ती भूमिका नव्वदीच्या उंबरठ्यावरील मोरेनो यांनी केली. या आवृत्तीत स्पॅनिश संवादांना इंग्रजी उपशीर्षके नाहीत. इंग्रजीच्या मांडीवर बसवल्याखेरीज त्या भाषेला पडद्यावर स्थान नाही, ही समजूत त्यामुळे मोडते. अनिता झालेल्या आरियाना डेबोस यांना पुढे याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले. दुकानातील प्रसंग येथे अधिक कठोर आहे: जेट्सच्या मैत्रिणी विरोध करतात, त्यांना बाहेर काढून दार लावले जाते, आणि शेवटी व्हॅलेंटिना येऊन, ज्यांना लहानाचे मोठे होताना पाहिले त्या पोरांना त्यांच्या कृत्याचे नाव घेऊन खडसावते. ‘अमेरिका’ गाण्यात नव्या देशाची बाजू हिरिरीने मांडणारी अनिता जाताना स्पॅनिशमध्ये सांगते की ती अमेरिकन नाही.

एकेकाळी त्याच प्रसंगातून गेलेल्या अभिनेत्रीने तो थांबवावा, ही योजना सहज भावुक होऊ शकली असती, पण कुशनर तेथे थांबत नाहीत. व्हॅलेंटिना अनिताला वाचवते, तिच्या खोट्यावर विश्वासही ठेवते, आणि मारिया मेल्याची बातमी टोनीला जाऊन सांगते ती तीच.